गृहसभेत माणसं खरंच जवळ कशी येतात? आधी मागायला लागतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की नागपूरहून पुण्याला बदली होऊन दोन वर्षं झाली, दर शुक्रवारी मंडळीच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, सेल ग्रुपला, घरात भरणाऱ्या छोट्या प्रार्थनागटाला, तुम्ही दोघं न चुकता जाता, पंधरा-सोळा माणसं येतात, गाणी होतात, बायबलमधलं वचन होतं, प्रार्थना होते, चहा होतो आणि सगळे चपला घालून घरी जातात. आणि आठ महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन जागणाऱ्या तुमच्या मिसेसला रात्री दोन वाजता फोन लावावा असं त्या पंधरा जणांत एकही माणूस नाही. आमचं नेमकं काय चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

हे वाचून मला वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. मी ३० वर्षं नर्स म्हणून ड्युटी केली आणि गेली २२ वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये आमच्या आणि शेजारपाजारच्या घरांत गृहसभा, म्हणजे असाच ग्रुप, चालवते. माहेर नगरकडचं. आमच्याकडे तेव्हा सेल ग्रुप हा शब्द नव्हता, आजी नुसतं 'आज घरची प्रार्थना आहे' म्हणायची आणि कंदील पुसून ठेवायची. तिथे माणसं आधीच एकमेकांची होती, कोणाची म्हैस व्यायली, कोणाच्या घरी पीठ संपलं हे प्रार्थनेच्या आधीच सगळ्यांना माहीत असायचं. शहरात उलटं आहे. इथे नगर, जालना, सोलापूर, नागपूर, कुठून कुठून नोकरीसाठी आलेली माणसं एका हॉलमध्ये बसतात, कोणी सीएनआय चर्चचा, कोणी मेथडिस्ट, कोणी मुक्तिफौजेत (साल्वेशन आर्मीत) वाढलेला, म्हणजे पंथही वेगवेगळे, आणि फक्त शुक्रवारच्या दीड तासात ते नातं तयार होईल अशी आपण वाट बघतो. तसं ते होत नाही.

मला हे कसं कळलं ते सांगते, कारण मला स्वतःला कळायला खूप वर्षं लागली.

२०११ साली माझ्या मिस्टरांची बायपास झाली. त्याच्या आधीची आठ-नऊ वर्षं ग्रुपमधलं कोणीही ॲडमिट झालं की मी पोचायचे, रिपोर्ट वाचून द्यायचे, रात्री थांबायचे, ते माझं कामच आहे असं मी धरून चालले होते. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा सगळ्यांना एकच उत्तर, काही लागणार नाही हो, फक्त प्रार्थनेत आठवा. पाच दिवस मी हॉस्पिटलच्या कँटीनचा वडापाव खाऊन काढले. सहाव्या दिवशी आमच्या ग्रुपमधले एक काका आले, रेल्वेतून रिटायर झालेले, बायको वारलेली, एकटेच राहायचे. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसले, मांडीवर कापडी पिशवी, त्यात तीन पुडांचा स्टीलचा डबा. मी म्हटलं काका कशाला त्रास घेतला, मला खरंच नको. तर ते म्हणाले, "ताई, माझ्या मुलीच्या बाळंतपणात तुम्ही चार रात्री जागलात. आज माझा डबा पण घेत नाही. म्हणजे आम्ही फक्त घेतच राहायचं का? मग पुढच्या वेळी तुमच्याकडे कोणत्या तोंडाने येऊ मी?"

मी डबा घेतला. वरच्या पुडात भात होता, खालच्या बाजूने थोडा करपलेला, मधल्यात वरण आणि खाली कांदा चिरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी तिथेच बाकावर बसून सगळं खाल्लं आणि काका समोर बसून राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याशी त्यांच्या बायकोबद्दल बोलले, शेवटच्या महिन्यात ती काय म्हणायची, घरात एकट्याने जेवायला कसं वाटतं. नऊ वर्षं दर शुक्रवारी भेटत होतो आम्ही! नऊ वर्षांत मी त्यांना एकदा तरी काही मागितलं असतं तर हे आधीच झालं असतं.

तेव्हापासून मी हेच धरून बसले आहे आणि प्रत्येक नवीन ग्रुपला हेच सांगते. ख्रिस्ती ग्रुपमध्ये मदत करायला सगळे तयार असतात, मागायला कोणी तयार नसतं. आपल्याला लहानपणापासून सेवा करा, सेवा करा शिकवलंय, घ्यायला कोणी शिकवलं नाही. आणि जो फक्त देतो त्याच्याबद्दल माणसांना आदर वाटतो, जवळीक नाही वाटत.

पवित्र शास्त्रात बघा ना. योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवर बसलेला येशू त्या शोमरोनी बाईला आधी उपदेश करत नाही, आधी पाणी मागतो. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत तो तिघा शिष्यांना सोबत घेऊन जातो आणि माझ्याबरोबर जागे राहा म्हणतो, ते झोपले ही गोष्ट वेगळी पण त्याने मागितलं. पौलाचं तीमथ्याला दुसरं पत्र घ्या, शेवटचा अध्याय, एवढा मोठा प्रेषित, तुरुंगात बसलेला, आणि लिहितो काय तर त्रोवसात कार्पाच्या घरी माझा झगा राहिलाय तो येताना घेऊन ये, पुस्तकं आण, आणि हिवाळ्याच्या आधी येण्याचा प्रयत्न कर. थंडी वाजत होती त्याला. मी ग्रुपमध्ये हा भाग वाचला की थोडा वेळ थांबते आणि प्रत्येकाला विचारते की तुमचा झगा कुठे राहिलाय, तुम्हाला कोणाकडून काय आणून हवंय. पहिल्या वेळी बहुतेक कोणी बोलत नाही, चालतं, दोन-तीन आठवड्यांनी बोलतात.

आता तुमच्या ग्रुपमधली 'प्रार्थना विनंती'. मला खात्री आहे तिथे काय सांगितलं जातं. गावाला जायचंय प्रवासासाठी प्रार्थना करा, भाच्याला नोकरी मिळावी म्हणून, मावशीच्या गुडघ्यांसाठी. हे खोटं नाही, पण हे सगळं दुसऱ्या कोणाचं तरी आहे, नाहीतर सगळ्यांना सांगता येईल असं आहे. स्वतःचं, आजचं, दुखणारं त्यात काही नसतं. याला मी एक साधा उपाय केला. एक वही केली. मीटिंगमध्ये लिहीत नाही, लिहायला लागलं की माणसं सावध होतात, घरी आल्यावर झोपायच्या आधी लिहिते, नाव नाही, फक्त अक्षर आणि दोन शब्द. मंगळवारी त्यातल्या दोघांना फोन. "तुम्ही म्हणाला होतात सोमवारी साहेबांशी बोलणार, बोललात का?" एवढंच. फोन तीन मिनिटांचा असतो. पण समोरच्याला कळतं की मी बोललो ते कोणीतरी घरी घेऊन गेलं, चार दिवस लक्षात ठेवलं. पुढच्या शुक्रवारी तोच माणूस भाच्याच्या नोकरीबद्दल न सांगता स्वतःबद्दल सांगतो. मी हे इतक्या वेळा बघितलंय की कोणी मला विचारलं ग्रुप चालवायला काय येतं तुला, तर मी म्हणेन मंगळवारचा फोन.

पण हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे. सांगितलेलं बाहेर जाता कामा नये. इथे माझ्या हातून जे झालं ते सांगायलाच हवं.

आमच्याकडे एक बहीण यायची, तिने एकदा रडत सांगितलं की मिस्टर खूप पितात, पगार घरात येत नाही. मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका ताईला फोनवर म्हटलं, "आपल्यातल्या एकीच्या घरासाठी प्रार्थना कर, दारूचा प्रश्न आहे." नाव घेतलं नाही. मला वाटलं मी प्रार्थनेसाठीच सांगतेय. आठ दिवसांत ते चर्चच्या अंगणात तिच्या सासूच्या कानावर गेलं. तिचं येणं बंद झालं. मी तिच्या घरी गेले, तिने लाकडी दार उघडलं पण जाळीचं दार नाही उघडलं, हात कणकेने भरलेले, जाळीतूनच म्हणाली, "ताई, मी देवाला सांगत होते, तुम्हाला नाही." मी माफी मागितली. ती बरं म्हणाली आणि आत गेली. ती परत यायला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षात मी दर महिन्याला एकदा जात होते, कधी जाळीच्या बाहेरूनच.

म्हणून सांगते, 'प्रार्थनेत आठव' या शब्दांखाली आपल्या मंडळ्यांमध्ये जेवढ्या गोष्टी फिरतात तेवढ्या दुसऱ्या कशाखाली फिरत नाहीत. आमचा नियम आता असा आहे की कोणाची विनंती त्याला विचारल्याशिवाय पाळकांनाही सांगायची नाही, नवऱ्याने घरी जाऊन ग्रुपला न आलेल्या बायकोलाही सांगायची नाही, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात टाकायची नाही. व्हॉट्सॲपवर फक्त पत्ता, वेळ आणि शास्त्रपाठ. हा नियम मी दर तीन महिन्यांनी मोठ्याने वाचून दाखवते, नवीन कोणी आलं की परत.

त्याला एकच अपवाद, आणि तोही पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. जीव द्यावासा वाटतोय असं कोणी बोललं, किंवा घरात मारहाण होतेय, मुलांना धोका आहे, तर ते गुपित राहणार नाही, त्या माणसाला सांगून, त्याच्यासोबत बसून आपण मदत आणायची. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, महिलांच्या हेल्पलाइनचा १८१, हे दोन्ही माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहेत. उपास-प्रार्थना करा, जरूर करा, पण डिप्रेशनची गोळी विश्वास कमी आहे म्हणून बंद करायला सांगणारा माणूस ग्रुपमध्ये असेल तर त्याला बाजूला घेऊन स्पष्ट बोला. नर्स म्हणून हे मी फार जवळून बघितलंय.

मेथडिस्ट पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लींची एक गोष्ट मला या कामात सारखी आठवते. १७४२ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला त्यांच्या लोकांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. कोणीतरी सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, गरिबांना तेवढीही जमणार नाही. तर एक कप्तान उभा राहून म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि ज्याला देता येणार नाही त्याची पेनी मी भरेन. असे गट पडले, आणि पेनी गोळा करायला घरोघर फिरताना त्या पुढाऱ्यांना कळायला लागलं की कोणाच्या घरी नवरा-बायकोचं भांडण चालू आहे, कोण दारू पिऊन पडलाय. वेस्लींच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. मेथडिस्टांच्या त्या प्रसिद्ध वर्गसभा अशा सुरू झाल्या, म्हणजे कर्जापासून आणि दार वाजवण्यापासून. सभा नंतर आली. तुमच्या ग्रुपमधल्या किती जणांच्या घराचं दार तुम्ही मीटिंग नसताना वाजवलंय? आणि तुमचं किती जणांनी? हा आकडा शून्य असेल तर गाणी कितीही छान होऊ द्या.

आता संख्येबद्दल. पंधरा-सोळा जास्त आहेत. साधा हिशोब करा, दीड तासात दोन गाणी, शास्त्रपाठ आणि त्यावर चर्चा यात अर्धा तास जातो. उरले ६० मिनिटं. १२ जण असतील तर प्रत्येकाला पाच मिनिटं येतात, सोळा जण असतील तर चारही नाहीत, आणि होतं असं की चार बोलणारे पंधरा-पंधरा मिनिटं बोलतात, बाकीचे मान हलवतात. बारावर गेलो की आम्ही दोन भाग करतो. वेगळं होताना लोक नाराज होतात, रडतात पण, तरी करावं लागतं. आणि ते जमत नसेल तर निदान शेवटचा अर्धा तास तिघा-तिघांत बसा, बाया बायांत, पुरुष पुरुषांत. आपल्याकडचे पुरुष बायकोसमोर, परक्या बाईसमोर मनातलं बोलत नाहीत, हे मान्य करूनच पुढे जायचं. तिघांत, मागच्या खोलीत, पंख्याखाली बसले की बोलतात, ऑफिसात झालेला अपमान, बापाशी दहा वर्षांपासून न बोलणं, हप्ता थकलेला.

खाण्याचा विषय लहान वाटेल पण माझ्या मते अर्धे ग्रुप यावर मोडतात. घरं बदलून मीटिंग ठेवली की पहिल्या घरी चहा-बिस्किट असतं, दुसरीकडे पोहे, तिसरीकडे पावभाजी, चौथीकडे पावभाजी आणि गुलाबजाम. आणि मग एका खोलीत राहणारं, महिन्याच्या शेवटी हात आखडलेलं कुटुंब 'आमच्याकडे पाहुणे आहेत' म्हणून स्वतःची पाळी टाळतं, दोनदा टाळल्यावर यायचंही टाळतं. आपल्याला वाटतं त्यांचा विश्वास थंड झाला. आमच्याकडे पक्का नियम, चहा आणि एक कोरडी गोष्ट, मुरमुरे नाहीतर बिस्किट, बंगला असो की चाळीतली खोली. आणि सगळ्यांनी खाली चटईवर बसायचं, चालवणाऱ्यानेही, गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची. एका खोलीच्या घरात झालेल्या मीटिंगा मला जास्त आठवतात, बारा माणसं गुडघ्याला गुडघा लावून, शेगडी तिथेच, चहा उकळताना प्रार्थना चाललेली. पहिली मंडळी घरांतच भरत होती, प्रेषितांच्या कृत्यांत घरोघरी भाकर मोडायचे असं लिहिलंय, आणि ती घरं काय सगळी मोठी असतील असं नाही.

आणखी एक, हाताला काम द्या. नुसतं गोल बसून 'आता मन मोकळं करा' म्हटलं की माणसं गप्प होतात. मेथी निवडायला बसवा, बोलतात. आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी नाताळचा फराळ एकत्र करतो, करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, सगळ्या घरांचा मिळून. पुरुषांकडे चकलीचा सोऱ्या आणि तळण, बायकांकडे करंज्या, पोरांकडे कातणं. एका वर्षी एक सूनबाई, लग्न होऊन तीन वर्षं, ग्रुपमध्ये तोंडातून अक्षर नाही, करंजीची कड दुमडत दुमडत, मान वर न करता, शेजारच्या मावशीला म्हणाली की माझं दुसऱ्यांदा पडलं. मावशीने काही विचारलं नाही. देवाची योजना असेल असंही नाही म्हणाली, आणि याबद्दल मी तिची फार आभारी आहे. तिने फक्त स्वतःची पारी बाजूला ठेवली, हात पुसले आणि तिच्या पाठीवरून फिरवत राहिली, मग म्हणाली, "माझं एक गेलं होतं, १९८६ साली. नाव ठेवलं होतं आम्ही." सगळ्या घरांच्या करंज्या होत्या म्हणून रात्री दहापर्यंत बसलो होतो, त्या दोघी शेवटपर्यंत शेजारी शेजारी होत्या.

पवित्र शास्त्रातला ईयोब, मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेला, त्याचे मित्र आठवा. पहिले सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द नाही. तेवढं त्यांनी बरोबर केलं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. ग्रुपमध्ये कोणी दुःख सांगितलं की आपल्याकडे लगेच तीन वचनं, दोन साक्षी आणि एक डॉक्टरचा पत्ता येतो. आमच्यात ठरलंय, पहिल्या दिवशी सल्ला नाही. सल्ला हवाय का, हे विचारायचं, आणि नको म्हटलं तर गप्प बसायचं.

नवरा किंवा बायको नुसती सोबत म्हणून येते, गाणी म्हणत नाही, डोळे मिटत नाही, अशीही माणसं असतात. त्यांना ढकलू नका. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला, ते ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० ला, मधली पाच वर्षं त्या घराने काय काय सोसलं ते मराठी माणसाला माहीत आहे. चटईवर बसू द्या, चहा द्या, नावाने हाक मारा.

उसन्या पैशांबद्दल एक ओळ. ग्रुपमध्ये आपसात उसने देऊ नका, देणार असाल तर परत येणार नाहीत असं धरून द्या. पैसे अडकले की दोघंही यायचे बंद होतात.

आता तुम्हाला काय करायचं ते सांगते, आणि हे याच शुक्रवारी करा, ग्रुपलीडरशी बोलून ग्रुप सुधारायच्या मागे आत्ता लागू नका. तुमच्या ग्रुपमध्ये एखादी मावशी नक्की असेल जी तुम्ही आत आलात की बाळाला सगळ्यात आधी उचलून घेते. चहाच्या वेळी तुमच्या मिसेसने तिच्याजवळ जाऊन सरळ म्हणायचं, "मावशी, माझी खूप दिवस झोप झाली नाहीये. शनिवारी दुपारी दोन तास बाळाला सांभाळाल का?" कधीतरी मदत लागली तर सांगू, असं नाही. शनिवार, दुपार, दोन तास. तुम्ही आणून सोडा, दूध, कपडे, लंगोट सगळं पिशवीत भरून द्या, आणि मिसेसना घरी जाऊन खरंच झोपू द्या, त्या वेळात घर आवरायचं नाही.

आणि बाळाला घ्यायला दोघं मिळून जा. मावशी म्हणेल बसा, चहा टाकते. नको नको म्हणून दारातून परत फिरू नका. बसा.